आजींच्या घरची पहिली मेणबत्ती

प्रश्न : शेजारच्या कॅथलिक आजींनी अ‍ॅडव्हेंटच्या पहिल्या रविवारी संध्याकाळी घरी बोलावलंय. आम्ही ख्रिस्ती नाही. नाताळ तर महिनाभर लांब! गेल्यावर करायचं काय? त्यात आमच्या सात वर्षांच्या लेकीनं शाळेतून आणलेल्या अ‍ॅडव्हेंट कॅलेंडरच्या, रोज एकच उघडायच्या, चोवीस खिडक्या एका दमात उघडून टाकल्यात.

उत्तर : जरूर जा. फक्त ‘मेरी ख्रिसमस’ म्हणत आत शिरू नका. आजी त्या दिवशी नाताळ साजरा करत नसतात, नाताळची वाट बघायला बसलेल्या असतात. अ‍ॅडव्हेंट म्हणजे नाताळआधीच्या चार रविवारांचा काळ; मराठी ख्रिस्ती मंडळी याला आगमनकाळ म्हणतात. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थही तोच. येशूचा जन्म हे एक आगमन. तो पुन्हा येणार आहे, हे दुसरं. बाहेरच्यांना दुसऱ्याचा पत्ताच नसतो, पण चर्चच्या उपासनेत १६ डिसेंबरपर्यंत भर त्यावरच असतो. जन्माची चाहूल १७ तारखेपासून. म्हणून या काळात चर्चमधला रंग जांभळा, अंतर्मुख व्हायला लावणारा. तिसरा रविवार तेवढा आनंदाचा, म्हणून गुलाबी.

टेबलावर हिरव्या फांद्यांचं कडं असेल, त्यात चार मेणबत्त्या. पेटेल मात्र एकच; पुढे दर रविवारी आणखी एक. लेकीला आधीच सांगून ठेवा, नाहीतर ती उरलेल्या तिन्हींकडे झेपावेल. ही प्रथाच मुळी उतावळ्या मुलांमुळे पडली म्हणतात. हॅम्बुर्गमध्ये योहान हिनरिश विखर्न हे पाद्री गरीब मुलांचा सांभाळ करत. ‘नाताळ कधी?’ या रोजच्या भुणभुणीवर त्यांनी १८३९ साली लाकडी चाकावर मेणबत्त्या लावल्या : रोज एक छोटी, रविवारी मोठी.

आजी बायबल वाचतील, प्रार्थना म्हणतील. तुम्ही नुसतं शांत बसलात तरी चालतं. जमलं तर चौथ्या रविवारीही डोकावा. पहिली मेणबत्ती जळून बुटकी झालेली, चौथी कोरी करकरीत, मधल्या दोघी पायरीपायरीनं उभ्या. मला तरी ते कडं तेव्हाच खरं देखणं दिसतं.

राहिलं कॅलेंडर. खिडक्या चिकटपट्टीनं बंद करा. आत काय आहे ते तिला कळलं म्हणून काय झालं? पंचवीस तारखेला काय होणार हे आजींनाही ठाऊकच आहे की! पण एक लक्षात ठेवा : आगमनकाळ २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबरमधल्या रविवारी सुरू होतो, छापील कॅलेंडर मात्र बहुतेक वेळा १ डिसेंबरला. २०२६ मध्ये तो रविवार २९ नोव्हेंबरला येतो, म्हणजे आजींकडून परतल्यावर लेकीला आणखी दोन दिवस दम धरावा लागेल.