३ लाखांत आई-वडिलांना आरामात बसता येईल अशी भरवशाची जुनी गाडी कोणती घ्यावी?

तुम्ही लिहिलंय की बजेट ३ लाख, राहायला जळगाव जिल्ह्यात, आई-वडील दोघं पासष्टीच्या पुढचे, महिन्याचं फिरणं ५००-६०० किलोमीटर, आणि जवळची माणसं म्हणतायत की एवढ्या पैशात छोटी पेट्रोल कशाला, दिल्लीहून आलेली मोठी डिझेल घे. हे शेवटचं वाचलं आणि लिहायला बसलो, नाहीतर मी इथे नुसता वाचतो.

नका घेऊ. महिन्याला ५००-६०० किमीवाल्याने जुनी डिझेल घ्यायचीच नाही. डिझेलमध्ये वाचलेले पैसे एका इंजेक्टरच्या (इंजिनात डिझेल फवारणारा भाग) कामात जातात. ही माझी कोणाकडून ऐकलेली माहिती नाही, माझ्या खिशातून गेलेत.

२०१८ ची दिवाळी. आम्ही अमळनेरचे. आईचे गुडघे तेव्हा दुखायला लागले होते, एसटीची पायरी चढवेना, म्हणून गाडी घ्यायचं ठरवलं. माझ्या डोक्यात वॅगन-आर होती. माझे मोठे साडू गाड्यांमधले जाणकार समजले जातात सासरवाडीत, ते म्हणाले, "पाव्हणे, डबा घेऊ नका, माणसाने घ्यायची तर लांब गाडी घ्यावी, चार माणसांत उभी केली तर शोभली पाहिजे." त्यांच्याच ओळखीच्या एका डीलरकडे २०११ ची डिझेल सेडान उभी होती, दिल्ली पासिंग, काळी, पॉलिश अशी की तोंड दिसावं. मीटरवर ६४ हजार. २ लाख ७२ हजाराला सौदा झाला. कंपनीचं नाव लिहीत नाही कारण दोष कंपनीचा नव्हताच, गाडी मुळात चांगलीच असेल, तिचं जे केलं ते माणसांनी केलं.

दिल्लीच्या गाड्या तेव्हा स्वस्त का मिळायच्या ते आधी समजून घ्या. दिल्ली-एनसीआरमध्ये १० वर्षांपुढची डिझेल आणि १५ वर्षांपुढची पेट्रोल गाडी रस्त्यावर नको असा हरित लवादाचा आदेश होता २०१४-१५ चा, २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टानेही तेच धरलं. मग सात-आठ वर्षं झालेली डिझेल गाडी तिकडचा मालक मिळेल त्या भावात काढायचा. तिथपर्यंत ठीक आहे. पण ती आपल्याकडे आली की एनओसी, इथला रोड टॅक्स, एजंट, जळगाव आरटीओच्या चकरा, हे सगळं तुमच्या गळ्यात. डीलर म्हणतो "पासिंग होऊन जाईल भाऊ". माझं पासिंग व्हायला चार महिने आणि चाळीस हजारावर पैसे गेले. म्हणजे स्वस्त गाडी तिथेच तीन लाखाच्या वर गेली, अजून गाडी कुठे नेलीही नव्हती.

मे २०१९ मध्ये आईला गुडघे दाखवायला संभाजीनगरला (तेव्हाचं औरंगाबाद) घेऊन निघालो. मी, बायको, आई आणि मुलगी. चाळीसगाव मागे पडलं, कन्नडचा घाट लागला. पुढे ट्रकांची रांग, आम्ही सेकंड गिअरवर, एसी चालू, बाहेर बेचाळीस-त्रेचाळीस तापमान असेल. निम्मा घाट चढलो असू, एसीतून गरम हवा यायला लागली. मग एक गोडसर वास आला, मला वाटलं ट्रकचा असेल. तापमानाच्या काट्याकडे बघितलं तर काटा वर टेकलेला, आणि लगेच बोनेटच्या फटीतून वाफ.

आईला उतरवायचं होतं. सेडानची सीट खाली, दरवाजा बुटका, तिला गुडघ्यावर जोर देऊन वर उठावं लागायचं आणि तेच तिला जमत नव्हतं. मी आणि बायकोने दोन्ही हातांना धरून ओढून काढली. सावली नाही. ती डोक्यावर पदर घेऊन घाटाच्या तापलेल्या कठड्यावर बसली, तिच्या खाली आम्ही गाडीतला टॉवेल घातला. मी सारखा तिच्याकडे बघतोय म्हणून म्हणाली, "माले काही व्हत नही, तू गाडी दख." दोन तास. एका ट्रकवाल्याने पाण्याचा कॅन दिला, तो बिचारा स्वतः चढावर अडकलेला. टोचन करून परत चाळीसगावला आलो, डॉक्टरची अपॉइंटमेंट गेली.

चाळीसगावच्या मिस्तरीने पहिलं काम काय केलं तर इंजिन ऑइलचं झाकण काढून मला उलटं करून दाखवलं. झाकणाच्या आत चहावरच्या सायीसारखा तपकिरी-पांढरा थर. म्हणजे पाणी ऑइलमध्ये मिसळलेलं, हेड गॅस्केट (इंजिनचा वरचा भाग, म्हणजे हेड, त्याच्या खालचं सील) गेलेलं. मग त्याने हेडच्या कडेला नख लावलं आणि करडं सिलिकॉन सोलून हातावर ठेवलं. म्हणाला, हे इंजिन आधी खोललेलं आहे. थर्मोस्टॅट काढून टाकलेला होता. थर्मोस्टॅट काढला की पाणी सारखं रेडिएटरमधून फिरत राहतं, सपाट रस्त्यावर काटा वर येत नाही, गिऱ्हाईकाला काही कळत नाही, मात्र चढावर लोड आला की लपत नाही. रेडिएटरमध्ये कूलंट (इंजिन गार ठेवणारं रंगीत द्रव) नव्हतंच, साधं बोअरचं पाणी, आतल्या नळ्यांना क्षार धरलेले. ३८ हजार बिल.

नंतर मी जे आधी करायला पाहिजे होतं ते केलं. कंपनीच्या वर्कशॉपमध्ये गाडीचा नंबर सांगून जुना सर्व्हिस रेकॉर्ड काढायला लावला. २०१६ च्या नोंदीत किलोमीटर १ लाख ३१ हजार. मला २०१८ ला ६४ हजार दाखवून विकली. डीलरला फोन केला तर म्हणाला तुम्ही बघून घेतली ना. आणि साडू काय म्हणाले? "एसी लावून घाट चढतं का कोणी? तुम्हाला गाडी वापरता आली नाही."

हे वाक्य मी अजून विसरलेलो नाही आणि याचं उत्तर इथे लिहितो. एसी लावून, चार माणसं बसवून, मे महिन्यात घाट चढता येतो. ज्या गाडीचं कूलिंग धड आहे ती चढते. जी चढत नाही ती बिघडलेली आहे, तिचा चालवणारा नाही. आपल्याकडे भुसावळ-जळगावला पारा ४५ च्या आसपास जातो, इथे एसी बंद करून म्हाताऱ्या माणसांना घाटातून न्यायचं असेल तर गाडी घेतली कशाला? कम्फर्ट म्हणजे लांबी नाही. कम्फर्ट म्हणजे आईला न वाकता बसता-उठता आलं पाहिजे, मागच्या सीटवर गार हवा पोचली पाहिजे आणि गाडीने रस्त्यात सोडलं नाही पाहिजे.

ती सेडान मी सगळं सांगून, बिलं दाखवून १ लाख ३५ हजाराला दिली. मग चोपड्याच्या एका रिटायर्ड मास्तरांची २०१४ ची वॅगन-आर बघितली, पेट्रोल, एमएच १९ म्हणजे जळगाव पासिंग, पहिला मालक, ४१ हजार चाललेली, २ लाख ४० ला. त्यांच्याकडे प्लास्टिकच्या फाईलमध्ये पहिल्या सर्व्हिसपासूनची सगळी बिलं रबर लावून तारखेने ठेवलेली. यावेळी आईला सोबत नेलं होतं. तिने दरवाजा उघडला, मागे वळून सीटला टेकली आणि पाय आत घेतले. एवढंच. कोणी धरलं नाही. बसल्यावर म्हणाली, "आते बरं शे." मी भावसुद्धा फार केला नाही.

सहा वर्षं झाली, आता १ लाख ८ हजारावर आहे. या काळात दोन बॅटऱ्या, टायर, एकदा क्लच प्लेट, पुढचे बुश, इंजिन माउंटिंग आणि एसीचा कंडेन्सर, बस. कन्नडचा घाट किती वेळा चढली मोजलं नाही, दर वेळी एसी चालू.

आता तुमच्या प्रश्नाकडे. मी वॅगन-आर सांगणार हे तुम्हाला कळलंच असेल, २०१० नंतरची के-सिरीज इंजिनवाली, टायमिंग चेन आहे, बेल्ट बदलायची भानगड नाही, आणि तिचा स्पेअर पार्ट पारोळ्यातही मिळतो. आई-वडिलांचे गुडघे ठीक असतील तर ग्रँड आय-१० पेट्रोल बघा, बऱ्याच मॉडेलना मागे एसीचे व्हेंट आहेत, उन्हाळ्यात फार फरक पडतो. मागे तिघं नेहमी बसणार असतील तर इटिऑस पेट्रोल, दिसायला साधी पण मागची जागा आणि डिक्की दोन्ही मोठी, इंजिन टिकाऊ. फक्त ती टॅक्सीत खूप चालली, त्यामुळे आरसीवर आधी कमर्शियल नोंद होती का ते बघूनच घ्या. शेवरोलेने २०१७ ला आणि फोर्डने २०२१ ला इथलं काम आवरतं घेतलं, गाड्या चांगल्या होत्या, स्वस्तही मिळतात, पण पार्टसाठी नाशिक-पुण्याला फोन करत बसायची तयारी असेल तरच.

सीएनजीवाली मिळाली तर आरसीवर सीएनजीची नोंद आणि सिलिंडरच्या टेस्टची तारीख बघा, दर ३ वर्षांनी टेस्ट लागते. आणि डिक्की गेली हे धरून चाला, लग्नाला जाताना बॅगा मांडीवर येतात.

बघायला जाताना सकाळी जा आणि सांगा की मी यायच्या आधी चालू करू नका. पोचल्यावर पहिला हात बोनेटवर. गरम असेल तर काहीतरी लपवलंय समजा, दुसऱ्या दिवशी परत या. ऑइलचं झाकण उघडून आतून बघा, कूलंटच्या डबीत हिरवं-लाल पाणी आहे की नळाचं ते बघा. मग एसी फुल लावून वीस मिनिटं उभी ठेवा, आणि गाडी हिवाळ्यात घेत असाल तर दुपारी दोनला पुन्हा एकदा जा, डिसेंबरच्या सकाळी कोणत्याही गाडीचा एसी गारच वाटतो. टायरवर चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा, ३५-४० हजार चाललेल्या गाडीला दुसऱ्यांदा टायर बदललेले असतील तर मीटरवर संशय घ्या. दरवाजाचं रबर ओढून आतले वेल्डिंगचे ठिपके बघा, कारखान्याचे गोल आणि सारख्या अंतरावर असतात, गॅरेजचे नसतात. मागच्या विमा पॉलिसीवर एनसीबी (क्लेम न घेतल्याबद्दलची सूट) किती ते वाचा, ५० टक्के असेल तर पाच वर्षं तरी क्लेम घेतलेला नाही, शून्य असेल तर का ते विचारा. (तो एनसीबी तुम्हाला मिळत नाही, तो जुन्या मालकाचा.) परिवहनच्या साईटवर नंबर टाकून चलन आणि कर्जाचा बोजा बघा, बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. २९-३० नंबरच्या फॉर्मवर सह्या घेऊन गाडी नावावर करायचं काम त्याच आठवड्यात करा, "नंतर करू" म्हणणाऱ्यांच्या गाड्या वर्षानुवर्षं दुसऱ्याच्या नावावर फिरतायत.

आणि बजेटमधले ३० हजार वेगळे ठेवा, म्हणजे गाडी २ लाख ७० पर्यंतचीच बघा. पहिल्या महिन्यात ऑइल, कूलंट, ब्रेक पॅड, बॅटरी यातलं काहीतरी निघतंच. सीट कव्हर रेक्झिनचं असेल तर काढून कापडी टाका, उन्हात उभ्या गाडीत रेक्झिनवर म्हातारं माणूस बसूच शकत नाही.

एक राहिलं. वॅगन-आर हलकी गाडी आहे, जुन्या मॉडेलच्या बऱ्याच गाड्यांना एअरबॅग नाही, हायवेला मी ८० च्या वर नेत नाही, ट्रक जवळून गेला की हलते. ड्रायव्हर एअरबॅग सगळ्या गाड्यांना सक्तीची झाली ती १ जुलै २०१९ पासून. त्यामुळे धुळे-सुरत किंवा नाशिक-मुंबई असं नेहमीचं जाणं असेल तर माझं ऐकू नका, एअरबॅगवाली जड गाडी बघा, एखादं वर्ष जास्त जुनी मिळाली तरी चालेल. आणि तुमचं फिरणं महिन्याला दोन हजारावर असतं तर डिझेलचं मीही वेगळं बोललो असतो, पण इथल्या पासिंगची, रेकॉर्ड असलेली.

साडूंशी बोलणं आहे, लग्नकार्यात भेटतो, गाडीचा विषय दोघंही काढत नाही. गेल्या आठवड्यात त्यांच्या मुलाचा फोन आला, त्याने धरणगावला एक ग्रँड आय-१० बघितलीये. मी विचारलं सर्व्हिस रेकॉर्ड काढला का, म्हणाला काढला काका, किलोमीटर जुळतायत. रविवारी सकाळी आम्ही दोघं जाणार आहोत, त्याच्या आईला घेऊन.