हाताने घडवलेला क्यू केव्हा घ्यावा?

प्रश्न : मी २२ वर्षांचा असून गेली चार वर्षे राजारामपुरीतील एका क्लबमध्ये स्नूकर खेळतो. माझा क्यू (चेंडू मारण्याची काठी) यंत्रावर बनवलेला, आठ हजार रुपयांचा आहे. सर्वोत्तम ब्रेक (एका खेपेत सलग मिळवलेले गुण) ४७ चा आहे. मात्र लांबचे पॉट (चेंडू खिशात घालण्याचे फटके) वारंवार हुकतात. आता माझ्या मापाचा, हाताने घडवलेला क्यू करून घ्यावा असे वाटते. त्याची किंमत सुमारे ६० हजार रुपये सांगितली आहे. वडिलांचे शिवाजी उद्यमनगरात लेथचे काम आहे. काठी लेथवर सरळ निघत असताना तिच्यासाठी एवढे पैसे कशाला, असे ते विचारतात. हा खर्च आता करावा का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : आपण अजून थोडे थांबावे, असे माझे स्पष्ट मत आहे आणि त्याचे कारण किंमत नसून लांबच्या पॉटविषयी आपणच लिहिलेले वाक्य आहे. असा पॉट हुकतो तेव्हा दोष क्यूचा की हाताचा, हे आधी ठरवावे लागते. त्यासाठी एक जुनी कसोटी आहे. पांढरा चेंडू ब्राऊनच्या (तपकिरी चेंडूच्या) ठिपक्यावर ठेवावा आणि निळ्या, गुलाबी व काळ्या चेंडूंच्या ठिपक्यांवरून थेट समोरच्या कुशनवर (टेबलाच्या रबरी कडेवर) मारावा. तो त्याच रेषेने परत येऊन क्यूच्या टिपला (टोकावरील चामड्याच्या तुकड्याला) लागला तर फटका सरळ आहे. दरवेळी एकाच बाजूला सरकत असेल तर नकळत साईड (बाजूची फिरकी) लागत आहे. हीच कसोटी क्लबमधील एखाद्या बऱ्या क्यूनेही घेऊन पाहावी. दोन्ही वेळा चेंडू सारखाच भरकटत असेल, तर तो दोष ६० हजारांच्या क्यूनेही जाणार नाही. प्रशिक्षकासोबत घालवलेल्या तासांनी मात्र तो जाऊ शकतो. टिप जुनी, कडक किंवा एका बाजूने झिजलेली असेल, तर ती बदलून काही आठवडे खेळावे. क्यू बिघडला अशी जी तक्रार ऐकू येते, ती पुष्कळदा टिपपाशीच संपते.

वडिलांची शंका रास्त आहे आणि तिचे उत्तर त्यांच्याच व्यवसायाजवळ आहे. ओतीव कामातला अंतर्गत ताण जिरावा म्हणून काही कारखानदार कास्टिंग काही काळ तसेच ठेवून मग अंतिम कापणी करतात. लाकडाला तर असा विसावा त्याहून अधिक लागतो. चांगला कारागीर ॲश किंवा मेपलचे तंतू टोकापासून टोकापर्यंत सरळ गेले आहेत असेच लाकूड निवडतो, ते थोडे थोडे तासतो, मध्ये दीर्घ काळ ठेवून ते वाकते का पाहतो आणि वाकलेले बाजूला टाकतो. लेथवर आज सरळ निघालेली काठी पुढच्या पावसाळ्यातही सरळ राहील, याची हमी त्या निवडीत असते. कोल्हापूरच्या जुलै-ऑगस्टमधल्या दमट हवेचा विचार केला, तर ही बाब येथे विशेष महत्त्वाची ठरते. हाताने घडवलेल्या क्यूची किंमत मुख्यतः या निवडीची, वेळेची आणि आपल्या हाताला जुळवून दिलेल्या निमुळतेपणाची असते. बटावरील (क्यूच्या मागच्या जाड भागावरील) एबनी या काळ्या लाकडाचे सौंदर्य खेळात भर घालत नाही, तरी ते आवडणे यात गैर काही नाही.

मात्र माप द्यायचे तर ते आपल्याला ठाऊक हवे, आणि क्यू करून घेण्याची वेळ आली की नाही, हे मी यावरूनच ठरवीन. सर्वसाधारण क्यू ५७ ते ५८ इंच लांब, १७ ते १९ औंस वजनाचा आणि साधारण साडेनऊ मिलिमीटर टिपचा असतो. या आकड्यांपैकी आपला कोणता, टोक किती लवचीक हवे, वजन पुढे हवे की मागे, याची उत्तरे आपण कारागिराला न अडखळता देऊ शकता का? ब्रेक ५० च्या आसपास असताना उभे राहण्याची पद्धत आणि क्यूला टेबलावर आधार देणाऱ्या हाताची ठेवण (ब्रिज) अजून बदलत असते. आज घेतलेले माप वर्षभराने चुकीचे वाटू शकते.

स्कॉटलंडचे स्नूकरपटू स्टीफन हेंड्री यांनी १९९० ते १९९९ या काळातील सातही विश्वविजेतेपदे अवघ्या ४० पौंडांच्या क्यूने जिंकली. २००३ मध्ये विमानप्रवासात तो मोडला. स्वस्त क्यू सर्वांना पुरेसा असतो, असा याचा अर्थ मी काढत नाही. साईड देऊन मारलेला चेंडू सरळ रेषेपासून किती ढळतो, हे प्रत्येक क्यूगणिक बदलते आणि खेळाडूचा हात ते नकळत लक्षात ठेवतो. त्यामुळे क्यू बदलला की हा हिशेब नव्याने शिकावा लागतो, मग नवा क्यू कितीही उत्तम असो.

वरील कसोटीत फटका सातत्याने सरळ येऊ लागला, मापाविषयी मत पक्के झाले आणि सध्याच्या क्यूची एखादी ठरावीक उणीव आपण नेमकेपणाने सांगू शकलात, की खुशाल पैसे काढावेत. शक्य असेल तर त्याच कारागिराचा दुसऱ्या कोणाकडे असलेला क्यू दोन-तीन फ्रेम (डाव) खेळून पाहावा. हाती घेतल्यावर क्यू टेबलावर लोळवून परीक्षा करू नये. निमुळती काठी तशीही थोडी उचललेली दिसते आणि फसवते. बटाकडून टोकाकडे डोळा लावून, फिरवत फिरवत रेषा पाहावी. बट तळहातावर हलके आपटले असता जोडातून खुळखुळ येता कामा नये. बटाच्या पाचरांची (त्यात सांधलेल्या निमुळत्या लाकडी तुकड्यांची) टोके किंचित गोलसर आणि असमान असतील, तर ते बहुधा हातकामाचे लक्षण असते. यंत्रावर जोडलेल्या पाचरा टोकदार व एकसारख्या दिसतात.

मागणी अशा बेताने द्यावी की नवा क्यू स्पर्धांच्या बऱ्याच आधी हाती पडेल, आणि त्याच्याशी हात जुळेपर्यंत जुना विकू नये. कठीण आवरणाची पेटी त्याच खर्चात धरावी. एप्रिल-मे महिन्यांत क्यू बंद मोटारीत किंवा क्लबच्या भिंतीला तिरपा टेकवून ठेवू नये, आणि पावसाळ्यात दर खेळानंतर तो कोरड्या फडक्याने पुसूनच पेटीत ठेवावा.