कोकणकडा फ्रेममध्ये मावत नाही, काय करू?

प्रश्न: सर, माझ्याकडे सेकंडहँड डीएसएलआर आणि 18-55 ची किट लेन्स आहे, बस एवढंच. पाचनईकडून दोनदा हरिश्चंद्रगडावर गेलो पण कोकणकडा काही अख्खा येत नाही, एक टोक घेतलं की दुसरं सुटतं. फिशआय लेन्सच्या (माशाच्या डोळ्यासारखं खूप रुंद, गोलसर चित्र देणाऱ्या) किमती बघितल्या आणि गप्प बसलो. लेन्सच्या पुढे स्क्रू करायचे वाइड कन्व्हर्टर मिळतात ते घेऊ का? की अजून काही जुगाड आहे? (कॉलेजचा विद्यार्थी, संगमनेर)

उत्तर: अरे मित्रा, तो कन्व्हर्टर घेऊ नकोस. मी घेतला होता, 0.45 एक्सवाला, मधला भाग बरा यायचा पण कडेला झाडांची पानं अशी फासल्यासारखी दिसायची आणि फांद्यांना जांभळी किनार, आता तो ड्रॉवरमध्ये पडून आहे.

कड्यासाठी तुला लेन्स नकोच आहे, आहे त्या लेन्सवर 18 लाच कॅमेरा उभा धर आणि डावीकडून उजवीकडे फिरवत सहा फोटो काढ, साधारण 180 अंश कव्हर होतात. प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोचा तिसरा हिस्सा तरी यायला हवा. एक्सपोजर, व्हाइट बॅलन्स, फोकस सगळं मॅन्युअलवर टाक, नाहीतर आभाळाचे पट्टे पडतात. आणि फिरताना कॅमेरा हात लांब करून स्वतःभोवती गरागरा फिरवायचा नाही, लेन्स जागच्या जागी ठेवून आपण तिच्याभोवती सरकायचं, म्हणजे जवळचा दगड आणि लांबचा कडा एकमेकांवर सरकत नाहीत. (हे सगळं कड्याच्या काठापासून चार पावलं मागे, वारा तिथे कसा असतो तुला माहितीये.) घरी आल्यावर ह्युगिन नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, ते फोटो जोडतं आणि त्यातच प्रोजेक्शन (म्हणजे चित्र सपाट कागदावर मांडायची पद्धत) बदलून फिशआय केलं की तो गोलवा पण मिळतो.

आता खराखुरा गोल, बुबुळासारखा फोटो हवा असेल तर हार्डवेअरच्या दुकानातून दाराला लावायचा मॅजिक आय (बाहेर कोण आलंय ते बघायचं भिंग) आण, स्वस्तात मिळतो. बाहेरची बाजू कड्याकडे, आतली लेन्सला चिकटवून. 18 वर वर्तुळ एवढुसं दिसेल म्हणून झूम 55 कडे ने, ऑटोफोकस बंद कर, लेन्स अगदी जवळच्या फोकसवर आणून मग स्क्रीनवर बघत हळूहळू फिरव. भोवती काळ्या कार्डपेपरची नळी कर, उजेड आत शिरला की सगळं पांढुरकं होतं. मोबाइलवर तर नुसतं चिकटवलं तरी चालतं, फक्त फोन मधेच दुसऱ्या कॅमेऱ्यावर उडी मारतो, तेव्हा बाकीच्या लेन्सवर बोट ठेवून बघ. शार्पनेसची अपेक्षा ठेवू नकोस, गंमत म्हणून बघ. आणि क्षितिज बरोबर मध्यावर ठेवलंस तर ते सरळ राहतं, वर-खाली गेलं की धनुष्यासारखं वाकतं.

जुगाड म्हणून लाजू नको हां. 1906 मध्ये ज्यांनी फिशआय हा शब्द काढला त्या रॉबर्ट वुड या भौतिकशास्त्रज्ञांनी पाण्याने भरलेल्या बादलीच्या तळाशी फोटो उमटणारी काच (तेव्हाची फिल्म) ठेवून, वर पिनहोल (बारीकसं भोक) लावून, माशाला वरचं जग कसं दिसेल ते टिपलं होतं.

आणि पावसाळ्यात खालून धुकं वर येऊन इंद्रवज्र (धुक्यावर आपल्या सावलीभोवती दिसणारं गोल रंगीत कडं) दिसलंच तर या वाइडच्या नादात राहू नकोस, ते लहानसं असतं, सरळ 55 वर झूम कर.