जादा मोटरी असूनही ऐनवेळी मोटर का मिळत नाही?

तुम्ही लिहिलंय की शिरपूरकडे तुमची २४ डीआरची (डबल रोलर, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणारी यंत्रं) जिनिंग आहे, यादीत नऊ मोटरी शिल्लक दिसतात, तरी भर सीझनमध्ये एखादी जळाली की बसवण्याजोगी एकही सापडत नाही. मग नेमक्या किती ठेवायच्या?

आकड्याआधी यादी बघा, भाऊ. त्या नऊमध्ये भरून (म्हणजे जळालेली वाइंडिंग काढून तारेची नवी गुंडाळून) आलेल्या किती, जळून तशाच पडलेल्या किती आणि ते काम करणाऱ्या रिवाइंडिंगवाल्याकडे किती? बहुतेक ठिकाणी हे तिन्ही एकाच ओळीत लिहिलेलं असतं. बेअरिंग किंवा बेल्ट वापरला की संपतो, त्याला नगाचा हिशेब पुरतो. मोटर, गिअरबॉक्स, गाठी बांधणाऱ्या प्रेसचा हायड्रॉलिक पंप हे फिरत राहतात: मशीनवरून दुरुस्तीला, तिथून स्टोअरला, पुन्हा मशीनवर. म्हणून प्रत्येक मोटरीच्या बॉडीवर पंचाने नंबर मारा आणि नंबरवार एक पान ठेवा. कधी जळाली, का जळाली, कुणी भरली, कोणत्या डीआरवर बसली, एवढं पुरे. जळालेलीला लाल टॅग, तपासून घेतलेलीला हिरवा. आणि जुनी स्टोअरला जमा झाल्याशिवाय दुसरी द्यायची नाही.

आता आकडा. समजा १५० दिवसांच्या सीझनमध्ये सहा मोटरी जळतात आणि मोटर भरून यायला १० दिवस लागतात. म्हणजे कोणत्याही दिवशी सरासरी ०.४ मोटर (६ × १० ÷ १५०) दुरुस्तीसाठी बाहेर असते. जळण्याच्या घटना एकमेकींवर अवलंबून नाहीत असं धरलं, तर एकाच वेळी दोन किंवा जास्त बाहेर असण्याची शक्यता साधारण ६ टक्के येते. एक जादा मोटर ठेवून भागेल. पण तेच १० दिवस २५ झाले की सरासरी १ वर जाते आणि ही शक्यता २६ टक्के होते. मग दोन जादा ठेवल्या तरी ८ टक्के धोका उरतोच. मोटरी तेवढ्याच जळतात, फक्त परत यायला उशीर होतो, आणि गरज वाढते. लष्करी विमानांचे सुटे भाग किती ठेवावेत यासाठी १९६०च्या दशकात अमेरिकेत जी रीत बसवली, तिचा पाया हाच आहे.

आपल्याकडे हे २५ दिवस उगाच होत नाहीत. तुमचा सीझन आणि रब्बीचं पाणी एकाच वेळी येतं. व्होल्टेज पडलं की शेतकऱ्यांच्या सबमर्सिबल धडाधड जळतात आणि रिवाइंडिंगच्या दुकानात पाय ठेवायला जागा नसते. दुकानवाला आधी शेतातली मोटर भरतो, आणि मला त्यात काही गैर वाटत नाही. पाण्याविना केळीची बाग तग धरत नाही. म्हणून पडलेल्या सगळ्या मोटरी पोळ्याच्या आत भरून घ्या आणि सीझनसाठी दुसरं एक दुकान बोलून ठेवा.

मोटर भरायला दिली की एक गोष्ट सोडू नका: कॉइल कापायच्या आधी ती स्वतः बघा. तीनही फेज सारखे काळे असतील तर ओव्हरलोड, नाहीतर थंडावा मिळाला नाही. जिनिंगमध्ये फॅन कव्हर रुईने बुजलेलं असण्याचीच शक्यता जास्त. स्टार जोडणीत दोन फेज जळाले आणि एक कोरा राहिला, किंवा डेल्टा जोडणीत एकच जळाला, तर सिंगल फेजिंग, म्हणजे तीनपैकी एक फेज तुटूनही मोटर चालत राहिली. मग दोष स्टार्टरच्या कॉन्टॅक्टमध्ये, फ्यूजमध्ये किंवा लाइनमध्ये शोधा. तो न काढता भरलेली मोटर बसवली की तीही जळणार. माझ्या मते निम्मी दुरुस्ती इथेच वाचते.

परत आली की नुसती फिरवून घेऊ नका. मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) लावा, ४१५ व्होल्टच्या मोटरीला ५ मेगाओहमपेक्षा कमी आलं तर परत पाठवा. नो-लोडवर, म्हणजे मोटर रिकामी फिरवून, तिन्ही फेजचा करंट मोजून पानावर लिहा. एंडशील्डमध्ये (मोटरीच्या टोकाच्या झाकणात) बेअरिंग ढिलं बसतंय का हे हाताने बघा, कारण भरणाऱ्याचं लक्ष वाइंडिंगवर असतं आणि ही जागा राहून जाते. मगच हिरवा टॅग. ठेवताना प्रेसच्या धक्क्यांपासून लांब, झाकून, आणि महिन्यातून एकदा शाफ्ट हाताने फिरवा.

जुनी वाइंडिंग काढायला मोटर भट्टीत फार तापवली तर कोअरच्या (वाइंडिंग ज्यात बसते त्या लोखंडी गाभ्याच्या) पत्र्यांमधलं इन्सुलेशन जातं. मग नो-लोड करंट वाढतो, बॉडी जास्त तापते, आणि वीजबिल कायमचं चढतं. पानावर तो करंट दर वेळी वाढताना दिसला, किंवा खर्च नव्या मोटरीच्या निम्म्यावर गेला, की मी ती भरत नाही. तुमचे मालक नव्या मोटरीला पैसे देत नाहीत म्हणता, तर नऊमधल्या अशा मोटरी वेगळ्या काढून तांब्याच्या भावाने विका आणि त्या पैशात भर घालून दिवाळीआधी दोन नव्या घ्या.