आधी गळती, मग गाद्या

प्रश्न : गाडीमागे जोडून ओढायची जुनी कॅरव्हॅन घेतली आहे. बाहेरून ॲल्युमिनियमचा पत्रा, आत लाकडी चौकट आणि प्लाय. गाद्यांना कुबट वास येतो, खिडकीखालचा प्लाय फुगलाय. ६ फूट × २ फुटांच्या, ४ इंची दोन गाद्या नव्याने करायच्या आहेत. कापड कोणतं आणि किती घ्यावं? टायरवरची नक्षी शाबूत आहे, तेच चालतील ना?
— एक वाचक, मुलुंड

उत्तर : कापड आत्ता घेऊच नका. प्लाय फुगलाय म्हणजे पाणी आत येतंय. नव्या गाद्याही पुढच्या पावसाळ्यात तशाच कुबटतील. एकाने टॉर्च घेऊन आत बसावं, दुसऱ्याने पाइपने पाणी मारावं, तेही खालून वर जात, एकेका सांध्यावर दहा-दहा मिनिटं. एकदम छतावर पाणी सोडलं तर ते चौकटीतून वाट काढत भलतीकडेच टपकतं आणि मूळ फट सापडत नाही.

बहुतेक वेळा दोषी असते ती खिडकीची किंवा कडेची पट्टी. वरून सिलिकॉन थापून भागत नाही. आतला सुकलेला मसाला (फट बुजवायला भरलेला लगदा) तसाच राहतो आणि सिलिकॉनच्या थरावर पुढे दुसरं काही नीट चिकटत नाही. पट्टी काढा, जुना मसाला प्लास्टिकच्या पातीने खरवडा (लोखंडी पातीने पत्र्यावर चरे पडतात), ब्युटाइल टेप (रबरासारखी मऊ, दोन्ही बाजूंनी चिकटणारी) लावून पट्टी पुन्हा बसवा. स्क्रू स्टेनलेस स्टीलचेच. मुंबईत नागदेवी स्ट्रीटच्या हार्डवेअर बाजारात हवं ते माप मिळतं. आपल्या खाऱ्या हवेत लोखंडी स्क्रू गंजतात आणि भोवतीचा पत्राही खातात. दोन-तीन दिवस ऊन खाल्लं की टेप दबते, तेव्हा स्क्रू परत आवळून बाहेर आलेली टेप कापा.

मग टोच्या घेऊन प्लाय तपासा. जिथे तो सहज रुततो तेवढा भाग कापून तेवढ्याच जाडीचा मरीन प्लाय (पाण्यात टिकणारा, आयएस ७१० या भारतीय मानकाचा) बसवा, कापलेल्या कडांना प्रायमर मारा. बैठकीच्या फळीला दर ६ इंचांवर १ इंचाची भोकं पाडा. गादी खालून घामेजते ती फळीला हवा नसते म्हणून.

आता गाद्या. फोम ४० डेन्सिटीचा (घनमीटरला ४० किलो), तयार कव्हरच्या मापापेक्षा लांबी-रुंदीला अर्धा इंच मोठा कापून घ्या, म्हणजे कव्हर ताठ बसतं. माप फळीवरून घ्या. जुनं कव्हर ताणलेलं असतं. ५४ इंच पन्ह्याचं कापड पायपिंगसकट (कडेच्या शिवणीतली गोल गोट) ६ मीटर पुरेल, एकाच दिशेची नक्षी असेल तर १ मीटर जास्त. रेक्झिन पुसायला सोपं, पण ऑक्टोबरच्या उकाड्यात अंगाला चिकटतं; त्यापेक्षा सोफ्याचं जाड विणीचं पॉलिएस्टर बरं. तरी रेक्झिनच हवं असेल तर इंचाला सहाच टाके घाला, दाट टाक्यांनी ते शिवणीवरच फाटतं. दोराही पॉलिएस्टरचा, सुती दोरा दमटपणात कुजतो. चेन मागच्या बाजूने लावा आणि दोन्ही कोपऱ्यांपुढे ४ इंच वळवा, नाहीतर फोम आत सरकवताना शिवण उसवलीच समजा.

टायरचं म्हणाल, तर नक्षीवर जाऊ नका. उभ्या गाडीचे टायर झिजत नाहीत, वयाने कडक होऊन बाजूने तडकतात. टायरच्या बाजूवर डीओटी (DOT) खुणेच्या शेवटी चार आकडे असतील. ३२०९ म्हणजे २००९ सालचा ३२वा आठवडा. दहा वर्षांपूर्वीचे असतील तर दिसायला कितीही चांगले असले तरी बदला, नाहीतर घाट चढताना भर उन्हात फुटतील.