ई-लर्निंग चालत नाहीये म्हणून स्टुडिओ उभारायचा का?

तुमचं म्हणणं असं की कॉलेजने मूडल (ऑनलाइन कोर्स चालवायचं सॉफ्टवेअर) बसवलं, सगळी लेक्चरं रेकॉर्ड करून टाकली, तरी तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून मुलं गळायला लागतात, तर आता चांगला स्टुडिओ उभारावा का. माझं मत विचाराल तर नको, निदान आत्ता तरी नको.

एडएक्स या ऑनलाइन कोर्सच्या साइटवरच्या चार कोर्सेसमधला डेटा घेऊन २०१४ मध्ये एक अभ्यास आला होता, व्हिडिओ पाहण्याची जवळपास ६९ लाख सेशन्स तपासलेली. सहा मिनिटांच्या पुढे मुलं टिकत नाहीत हे त्यात दिसलंच, पण भारी स्टुडिओतल्या रेकॉर्डिंगपेक्षा सर आपल्या टेबलाशी बसून साधेपणाने बोलतायत अशा व्हिडिओंना मुलं जास्त चिकटून राहू शकतात, हेही निघालं. म्हणजे पैसे वाचले.

खरी गोची वेगळीच आहे, बहुतेक कोर्समध्ये मुलाने स्वतः करायचं असं काही नसतंच. व्हिडिओ बघ, पीडीएफ उतरव, शेवटी परीक्षा दे, झालं. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांचा २००६ चा प्रयोग बघा, काहींनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तर वाचणारे पुढे, आठवड्याने घेतली तर आठवून लिहिणारे पुढे. तेव्हा प्रत्येक व्हिडिओनंतर दोन-तीन प्रश्न ठेवाच, मार्क अगदी थोडे आणि पुन्हा पुन्हा सोडवता येतील असे.

पण चुकीचे पर्याय म्हणून काहीही भरू नका, मुलं जिथे हमखास घसरतात तिथून ते उचला. समजा प्रश्न आहे, चेंडू सरळ वर फेकला तर सगळ्यात वरच्या बिंदूला त्वरण किती? बरीच मुलं ‘शून्य’वर टिक करतात. तिथे नुसतं ‘चूक’ असं न दाखवता लिहा, ‘वेग शून्य झाला हे बरोबर, पण त्वरणही शून्य असतं तर चेंडू तिथेच लटकून राहिला असता ना?’ मूडलमध्ये प्रत्येक पर्यायाला वेगळा फीडबॅक द्यायचा रकाना असतो आणि बहुतेक कोर्समध्ये तो रिकामा सापडतो!

दुसरं म्हणजे शिक्षक दिसला पाहिजे. आठवड्यात कुठल्या प्रश्नाला जास्त मुलं चुकली ते बघून एक छोटा ऑडिओ टाकला तरी पुरतो, आणि लाइव्ह तासाला लेक्चर देऊ नका, ते रेकॉर्ड केलेलं आहेच की, तिथे गणितं सोडवून घ्या. याला वेळ लागतो आणि तो वर्कलोडमध्ये धरायला प्राचार्यांना आधीच पटवा, नाहीतर दुसऱ्या सेमिस्टरला सगळे हात वर करतात.

मुलं कुरकुरतील, ‘सर शिकवतच नाहीत’ म्हणतील. हार्वर्डमधल्या फिजिक्सच्या वर्गांवर २०१९ मध्ये आलेल्या अभ्यासात नेमकं हेच होतं, स्वतः करून शिकलेल्यांना चाचणीत जास्त यायचं पण आपण कमी शिकलो असं त्यांना वाटायचं. पहिल्याच तासाला हे सांगून टाका.

अवांतर: सबटायटल्स आणि डाउनलोड करता येईल अशी हलकी फाइल, दोन्ही द्या, सगळ्यांचं नेट सारखं नसतं.

सुरुवात एकाच विषयापासून करा, ज्यात सगळ्यात जास्त मुलं अडकतात तो घ्या, आणि दुसऱ्या आठवड्यात ज्यांनी एकही क्विझ उघडली नाही त्यांची यादी काढून सरळ फोन लावा, ईमेल कोणी वाचत नाही.