व्हर्जिनियाचा निकाल वाचताना

कोण जिंकलं एवढ्यावर थांबू नका. व्हर्जिनिया आणि न्यू जर्सी अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीच्या पुढच्याच वर्षी गव्हर्नर निवडतात आणि कौल बहुधा अध्यक्षांच्या पक्षाविरुद्ध जातो. म्हणून आधीच्या आघाडीशी ताडून बघा. २०२० च्या अध्यक्षीय निवडणुकीत डेमोक्रॅट बायडन व्हर्जिनियात १० टक्क्यांनी पुढे होते. २०२१ मध्ये रिपब्लिकन यंगकिन सुमारे २ टक्क्यांनी जिंकले. म्हणजे १२ ची घसरण. न्यू जर्सी डेमोक्रॅट मर्फींनी राखलं खरं, पण बायडन यांची तिथली १६ ची आघाडी ३ वर आली. घसरण तिथेही जवळपास तेवढीच! 'एक गेलं, एक राहिलं' म्हणणारे इथेच फसतात.

मग टक्के बाजूला ठेवून मतं मोजा. हरलेल्या पक्षाचे मतदार घरी बसले, की समोरचे जास्त आले? यंगकिनविरुद्ध हरलेल्या डेमोक्रॅट मॅकऑलिफना त्यांच्याच पक्षाच्या, २०१७ च्या विजेत्या नॉर्थमपेक्षा जास्त मतं होती. तेव्हा 'कार्यकर्ते थंड पडले' हे नेहमीचं रडगाणं तिथे पुरत नाही. मग व्हर्जिनियातल्या लाउडनसारख्या उपनगरी काउंटीत (जिल्ह्यात) उतरा. तिथली डेमोक्रॅटांची आघाडी साधारण २५ वरून ११ वर आली होती.

यावरून पुढच्या वर्षीच्या संसदीय निवडणुकीचं भाकीत मात्र जपून. २००९ मध्ये दोन्ही राज्यं रिपब्लिकनांकडे गेली, २०१० मध्ये अमेरिकी संसदेच्या प्रतिनिधिगृहात त्यांच्या ६३ जागा वाढल्या. २००१ मध्ये दोन्ही डेमोक्रॅटांनी जिंकली, पण २००२ मध्ये जागा वाढल्या त्या रिपब्लिकनांच्याच. तो ११ सप्टेंबरच्या दहशतवादी हल्ल्यानंतरचा काळ होता.